दीडशे खुर्च्या

वाटणीचं भांडण मिटून दोन महिनेसुद्धा झाले नव्हते, तोवर शुक्रवारी दुपारी घरातली सगळी मोठी माणसं पुन्हा गोदामात जमली. दुकानात नाही, कारण दुकानात गिऱ्हाईक येतं. घरात नाही, कारण घरात आवाज चढला की शेजारच्या खिडक्या उघडतात. गोदामाचं शटर अर्धं खाली ओढलं की आतलं बोलणं आतच राहतं, हे या घराला अनुभवानं ठाऊक झालं होतं.

धाकटी तिथे आधीपासूनच कामात होती. बुधवारच्या कार्यक्रमाहून परत आलेल्या खुर्च्या ती तपासत होती. प्लास्टिकची खुर्ची वरवर पुसली की नवी दिसते, पण मागच्या पायाला चीर गेली असेल तर नेमका कोणीतरी वजनदार पाहुणा आपटतो आणि नाव भाड्यानं देणाऱ्याचं खराब होतं. म्हणून ती प्रत्येक खुर्ची उलटी करायची, पायाच्या मुळाशी अंगठा दाबायची, मग सरळ करून पाठीवर भार द्यायची. चीर असलेली खुर्ची कुरकुरतेच. लग्न होऊन या घरात आली त्याला चोवीस वर्षं झाली. सासूबाई होत्या तोवर त्यांनी 'धाकटी' म्हटलं, मग सगळेच म्हणायला लागले. आता मुलगी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला होती, तरी ती धाकटीच.

"ती कुठाय?" भाऊजी शटरखालून वाकून आत येता येताच म्हणाले. भाऊजी म्हणजे तिचे मोठे दीर. धंद्याची सगळी बाहेरची कामं त्यांच्याकडे. बोलणं, ठरवणं, भांडणं. "भिंगरी कुठाय? आधी तिला बोलवा."

"इथेच आहे, काका." भिंगरी फोल्डिंग खुर्च्यांच्या थप्पीमागून पुढे आली. पायाला चाक लावल्यासारखी फिरते म्हणून धाकटीच्या मुलीला लहानपणी पडलेलं नाव. खांद्याला कागदांनी फुगलेली पिशवी होती.

"तू शब्द दिलास? आपल्या खुर्च्यांचा? मला न विचारता?"

"दिला. तुम्ही बाहेरगावी होतात. आणि दुसऱ्या दोघा खुर्चीवाल्यांनी आधीच नाही म्हटलं होतं."

"मग त्या दोघांना अक्कल आहे आणि आपल्याला नाही, असंच ना?"

आप्पा, धाकटीचे सासरे, कोपऱ्यातल्या लोखंडी खुर्चीवर बसले होते. हा धंदा त्यांनीच उभा केलेला. वय झालं होतं, पण कान शाबूत होते. त्यांनी हात वर केला. "आधी मला नीट सांगा. कोणाला खुर्च्या, कशासाठी?"

भिंगरीनं सांगितलं. घाई न करता, कोर्टात उभं राहायची सवय करत असल्यासारखं. डोंगरावरच्या वस्तीत नऊ घरं ख्रिस्ती होती. सात वर्षं ती एका गवंड्याच्या पुढच्या खोलीत जमून प्रार्थना करायची. कोणाला त्रास नाही, भोंगा नाही, काही नाही. सहा महिन्यांपूर्वी कोणीतरी पिल्लू सोडलं की यांना बाहेरून पैसे येतात. मग वस्तीची बैठक झाली. नऊ घरांपुढे कागद ठेवला: प्रार्थना सोडली असं लिहून द्या, नाहीतर वस्ती सोडा. कोणी सही केली नाही. मग विहिरीवरचा त्यांचा दोर काढून नेला. मग एका सकाळी माणसं आत डोळे मिटून बसलेली असताना वरचे पत्रे काढले. गवंडी आडवा गेला, तर त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. एकेचाळीस माणसं खाली आली. तेवीस दिवस झाले, ती चर्चमागच्या हॉलमध्ये राहत होती.

"आम्ही एकोणीस जण आहोत," भिंगरी म्हणाली. "काही चर्चमधली पोरं, काही माझ्या वर्गातली. आम्ही प्रत्येकाचा जबाब लिहून घेतला. ठाण्यात दिला, त्यांनी ठेवून घेतला आणि विसरले. मग हक्क आयोगाकडे पाठवला. उद्या अकरा वाजता आयोगाच्या बाई येणार आहेत. चर्चच्या आवारात, सगळ्यांसमोर ऐकणार आहेत."

"मग ऐकू दे की. सतरंज्या टाका. खुर्च्याच कशाला हव्यात?"

"बाई खुर्चीवर, ठाण्याचे साहेब खुर्चीवर, आणि ही माणसं जमिनीवर? काका, जमिनीवर बसून तक्रार करणारा माणूस भीक मागायला आल्यासारखा दिसतो. आणि गावातली माणसंही यायला हवीत. चर्चमध्ये बाकं आहेत सोळा."

भाऊजींनी खिशातून फोन काढला, कोणी पुरावा मागितल्यासारखा तो हातात धरला. "सकाळी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन होता. सिमेंटवाले. गोड बोलले. म्हणाले, मला काही नाही हो, पण पोरं तापलीत. तुमच्या खुर्च्या तिथे दिसल्या तर मंडळाच्या एकाही कार्यक्रमाला तुमचा टेंपो दिसणार नाही. कळतंय का? आपलं अर्धं काम मंडळाचं आहे."

"अर्ध्यापेक्षा जास्त," धाकटीचा नवरा हळूच म्हणाला. तो शटरजवळच उभा होता, जणू बोलणं अंगाशी आलं तर बाहेर सटकता यावं. टेंपो चालवणं, माल चढवणं, उतरवणं त्याच्याकडे. माणूस मनाचा लोण्यासारखा, पण भांडण दिसलं की तो दुसरं काम शोधायचा.

"आणि तू," भाऊजी भिंगरीकडे वळले, "तू धड त्यांच्यातली तरी आहेस का? तुझ्या आईनं ते सगळं कधीच मागे टाकलं. मग तू कोणासाठी एवढी नाचतेस?"

ही गोष्ट या घरात सगळ्यांना माहीत होती आणि कोणीच काढत नसे. धाकटी ख्रिस्ती घरातली. तिचे वडील शाळेत चित्रकला शिकवायचे आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. लग्न ठरलं तेव्हा आप्पांनी त्यांना शब्द दिला होता, आमच्या घरात तिला कसला अडसर होणार नाही. तो शब्द मोडला असं कोणी म्हणू शकलं नसतं. कोणी तिला कधी अडवलं नाही. फक्त खुर्च्यांची कामं नेमकी रविवारीच निघायची.

धाकटीनं हातातली खुर्ची थप्पीवर ठेवली. तिला वाटलं, नेहमीसारखं आपण आता चहा ठेवायला जावं. पाय मात्र हलले नाहीत.

बोलल्या त्या जाऊबाई. भाऊजींची बायको. धाकटीशी त्यांचं कधी जमलं नव्हतं. वाटणीच्या वेळी मोठ्या पातेल्यांवरून दोघी आठ दिवस बोलल्या नव्हत्या. त्या दारातल्या पोत्यावर बसून सगळं ऐकत होत्या.

"गवंडी म्हणजे तो उंच? डाव्या हातानं थापी धरणारा?"

"हो, काकू," भिंगरी म्हणाली.

"माझ्या स्वयंपाकघराची फरशी त्यानंच बसवली." जाऊबाई नवऱ्याकडे बघत म्हणाल्या. "दुपारी मागच्या पायरीवर डबा उघडायचा आणि खाण्याआधी डोळे मिटून बसायचा. मला वाटायचं, थकलाय बिचारा. एकदा मी म्हटलं, अरे, झोप लागली का? तर हसला नुसता. त्याचं हाड मोडलं?"

"तुझ्या फरशीचा इथे काय संबंध?" भाऊजी वैतागले.

"संबंध असा, की तुम्ही म्हणता 'ते लोक'. मला तर तो एकच डोळ्यांपुढे येतो. माझं मत, द्या खुर्च्या."

"तुझं मत कोणी विचारलं?"

"बोलावलंत ना मला? मग काय पोत्याला वजन म्हणून बसवलंय?"

भिंगरीला हसू आलं, तिनं ते दाबलं. सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं. धाकटीला खात्री होती, आप्पा हो म्हणणार. याच माणसानं तिच्या वडिलांना शब्द दिला होता. आयुष्यभर तो सांगत आला होता की खुर्ची मागायला आलेल्याला किती, कधी आणि कुठे एवढंच विचारायचं; का, ते विचारायचं नाही.

आप्पांनी आपल्या गुडघ्यांकडे बघितलं. "नको," ते म्हणाले.

"आजोबा!"

"नको, पोरी. मला लाज वाटतेय, पण नको. साठ खुर्च्या डोक्यावर वाहून मी हे उभं केलं. या वयात ते मोडताना बघायची ताकद माझ्यात नाही. त्या माणसांचं वाईट वाटतं. पण वाटणं वेगळं."

भाऊजींनी फोन खिशात टाकला. आणि त्याच वेळी धाकटीला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"आप्पा, या बाजूच्या दीडशे खुर्च्या वाटणीत यांच्याकडे आल्यात. तुमचीच सही आहे."

भाऊजी तिच्याकडे वळून बघतच राहिले. चोवीस वर्षांत तिनं त्यांच्यासमोर असं काही बोलल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. आप्पांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. त्यांनी मान डोलावली, काहीसे दमून.

"खरं आहे. मग ज्याच्या वाट्याच्या, त्यानं ठरवावं."

सगळ्यांच्या नजरा शटरकडे गेल्या. तिथे धाकटीचा नवरा उभा होता. "उद्या सकाळी सांगतो," तो म्हणाला आणि वाकून बाहेर पडला.

ती त्याच्यामागे गेली. तो टेंपोच्या मागच्या फळीवर बसला होता, दोर गुंडाळत. दोर आधीच गुंडाळलेला होता. तो सोडून पुन्हा गुंडाळत होता.

"अहो."

"मला माहितीय तू काय म्हणणार. तुला काय, तू बोलून मोकळी झालीस. उद्या दादाशी तोंड मला द्यायचंय. दोन महिन्यांपूर्वी आम्ही एकमेकांचं तोंड बघत नव्हतो. आता कुठे जेवायला एकत्र बसतोय."

"हो."

"आणि खरं सांग, तुला तरी त्याचं एवढं काय आहे? तू तरी कुठे जातेस चर्चला?"

त्यानं ते टोचायला म्हटलं नव्हतं, हे तिला कळत होतं. म्हणूनच जास्त लागलं. ती त्याच्या शेजारी फळीवर बसली.

"पहिल्या वर्षी जात होते. आठवतंय? तुम्ही सोडायला यायचात आणि दोन गल्ल्या अलीकडे गाडी थांबवायचात. म्हणायचात, इथून चालत जा, गर्दी नसते. मी कधी विचारलं नाही की गर्दी कुठे होती. मग एका रविवारी मोठी ऑर्डर आली, मी म्हटलं, पुढच्या रविवारी जाईन. मग भिंगरी झाली. मग शाळेच्या फॉर्मवर धर्माचा रकाना आला, तर मी तुमच्याकडे पेन दिलं. म्हटलं, तुम्हीच लिहा. मला कोणी मारलं नाही हो. कोणी माझे पत्रे काढले नाहीत. मी स्वतःच एकेक पत्रा काढून देत गेले."

त्यानं दोर खाली ठेवला.

"त्या नऊ घरांपुढे कागद ठेवला तर एकानंही सही केली नाही," ती म्हणाली. "माझ्यापुढे कोणी कागद ठेवला नाही, तरी मी सही केली. हे मला परवा भिंगरीचे जबाब वाचताना कळलं. तुम्हाला भांडा म्हणत नाही मी. फक्त तुम्ही नाही म्हणालात, तर ते भाऊजींच्या नावावर घालू नका. तुमचं म्हणून सांगा."

ती उठून आत गेली. त्या संध्याकाळी भिंगरी फोनवर कोणालातरी सतरंज्यांची चौकशी करत होती.

सकाळी सातला धाकटी दूध तापवत होती, तेव्हा गोदामाचं शटर वर गेल्याचा खडखडाट झाला. ती गॅस बंद करून तशीच गेली. नवरा दहा-दहाच्या थप्प्या टेंपोत चढवत होता. खाली जाऊबाई ओल्या फडक्यानं एकेक खुर्ची पुसत होत्या, तोंडानं पुटपुटत होत्या की ही बुधवारची माती अजून तशीच आहे, या घरात काम म्हणून कोणी धड करत नाही.

"वरची थप्पी आडवी लाव," नवरा तिला म्हणाला. "वळणावर सरकते."

एवढंच. तिनं आडवी लावली.

साडेदहापर्यंत आवारात खुर्च्यांच्या रांगा लागल्या. भिंगरीचे एकोणीस जण कामाला भिडले होते. गळ्यात दोरीनं अडकवलेले कागद, त्यावर कोण काय करणार ते लिहिलेलं: जबाब, पाणी, दार, फोन. चष्मा लावलेला एक हडकुळा मुलगा जबाबांच्या तीन-तीन प्रती लावत होता आणि दर पाच मिनिटांनी पहिल्यापासून मोजत होता. पाळकसाहेब, चर्चचे म्हातारे धर्मगुरू, हात मागे बांधून येरझाऱ्या घालत होते. ते भिंगरीला म्हणाले, "बाळा, मला तर वाटलं होतं, गप्प राहिलो की निभावून जाईल. तीस वर्षं तेच केलं मी." भिंगरीनं त्यांना पाणी दिलं आणि पुढच्या रांगेत बसवलं.

वस्तीची माणसं हॉलमधून बाहेर आली ती भिंतीला चिकटूनच उभी राहिली. गवंड्याचा हात गळ्यात बांधलेला होता. त्याची म्हातारी आई खुर्चीकडे बघत म्हणाली, "मी खालीच बसते, बाई. मला सवय नाही."

"मग आजपासून करा," धाकटी म्हणाली. तिनं एक खुर्ची ओढली, सवयीनं पायाशी अंगठा दाबला, आणि म्हातारीला धरून बसवलं. "मी तपासलीय. मोडायची नाही."

गावातली माणसं मात्र आली नव्हती. फाटकाबाहेर रस्त्यापलीकडे पन्नास-साठ जण उभे होते, बघ्यांसारखे. आत नव्वद खुर्च्या रिकाम्या. आणि फाटकाच्या आत, खांबाला टेकून, हातात वही घेऊन भाऊजी उभे होते.

"मी सभेला आलेलो नाही," त्यांनी धाकटीला बघताच सांगून टाकलं. "दीडशे गेल्यात, दीडशे परत यायला हव्यात. हा तर मोजणार नाही, मला माहितीय."

आयोगाच्या बाई वेळेवर आल्या. साध्या, बसक्या आवाजाच्या. त्यांनी गवंड्याला बोलावलं. तो बोलायला उभा राहिला तर त्या म्हणाल्या, बसून सांगा. मग त्यानं बसून सांगितलं. पत्रे निघाले तेव्हा आत ऊन कसं पडलं, आणि लहान मुलांना आधी गंमत वाटून ती हसली कशी, ते सांगताना त्याचा आवाज थांबला. बाईंनी घाई केली नाही.

दुसरा जबाब चालू असताना मोटारसायकली आल्या. सात-आठ तरुण. फाटकावरचे दोन पोलीस फोनमध्ये डोकं घालून बसले होते, ते तसेच राहिले. पोरं शेवटच्या रांगेपाशी आली. पहिल्यानं एक रिकामी खुर्ची लाथेनं उडवली. दुसरी, तिसरी. खुर्चीच्या पायाचा तुकडा निघून धाकटीच्या पायाशी आला. मग त्यातला एक, दाढीवाला, वस्तीतल्या एका म्हाताऱ्याच्या खुर्चीची पाठ धरून हिसका देत म्हणाला, "ऊठ. संपली सभा."

भिंगरीच्या पोरांनी फोन वर धरले. भिंगरी पुढे निघाली. पण तिच्या आधी खांबाजवळून कोणीतरी निघालं होतं.

"खुर्ची सोड," भाऊजी म्हणाले.

"काका, तुम्ही मध्ये पडू नका. तुम्ही आपले आहात."

"आपला आहे म्हणून सांगतोय. सोड ती. खुर्ची आमची आहे." भाऊजींचा चेहरा लालभडक झाला होता. वाटणीच्या वेळीही इतका झाला नव्हता. "आणि आमच्या खुर्चीवर माणूस एकदा बसला की तो आपणहून उठेपर्यंत ती त्याची. मी लग्नांत खुर्च्या लावल्यात, निवडणुकीच्या सभांत लावल्यात, मयताला लावल्यात. बसलेल्या माणसाच्या खालून खुर्ची ओढणारा मी आजवर बघितला नाही. तू पहिला. तुझा बाप माझ्याकडून खुर्च्या नेतो ना? त्याला विचार, त्याच्या पाहुण्याला कधी असं उठवलं का मी?"

दाढीवाल्याचा हात खुर्चीवर तसाच राहिला, पण त्याची नजर हलली. फोन चहूबाजूंनी रोखलेले होते. आयोगाच्या बाई जागेवरून न उठता पोलिसांना म्हणाल्या, "यांची नावं लिहून घ्या. वडिलांच्या नावासकट." पोलीस आता ताडकन उभे राहिले. पोरं शिव्या देत मागे सरकली. मोटारसायकली गेल्या.

भाऊजींनी वाकून मोडलेल्या तीन खुर्च्या गोळा केल्या, आणि काय करावं न सुचून चौथीवर बसले. मग रस्त्यापलीकडचा केस कापणारा, ज्याचं दुकान समोरच होतं, तो खांद्यावरचा टॉवेल काढत आत आला आणि त्यांच्या शेजारी बसला. त्याच्यामागून कापड दुकानातल्या दोन बायका. मग आणखी काही. सगळे नाही. रस्त्यावर बरेचजण उभेच राहिले. पण रिकाम्या खुर्च्या साठेक उरल्या असतील.

शेवटी बाईंनी विचारलं, "गावातलं कोणी काही सांगणार आहे?"

धाकटी उठली. ती म्हणाली, "मी सांगते. मी ख्रिस्ती आहे." हे वाक्य तिनं इतक्या वर्षांत मोठ्यानं उच्चारलं नव्हतं, ते बाहेर पडल्यावर तिला वाटलं, अरे, एवढंच होतं की. "मला या गावात कोणी त्रास दिला नाही, कारण मी कोणाला कळूच दिलं नाही. तुम्ही लिहून घ्या, की इथे शांतता आहे असं म्हणतात ती अशी आहे. ज्यांनी लपवलं त्यांची शांतता. यांनी लपवलं नाही, म्हणून हे हॉलमध्ये झोपतात."

बाईंच्या कारकुनानं लिहून घेतलं. भिंगरी जबाबांचा गठ्ठा छातीशी धरून आईकडे बघत होती, तोंड किंचित उघडं, लहानपणी बघायची तशी. धाकटीचा नवरा कुठेतरी मागे होता. तो पुढे आला, जागा शोधली, आणि सगळ्यांदेखत बायकोच्या शेजारच्या खुर्चीवर बसला.

दुपारी घरी आल्यावर आप्पांनी विचारलं, "किती मोडल्या?"

"तीन," भाऊजी म्हणाले.

"आणि माणसं?"

"एकही नाही."

आप्पांनी ताट पुढे ओढलं. "मग वाढा," ते म्हणाले. भाऊजींनी हात धुता धुता धाकटीला ऐकू जाईल असं सांगितलं, "मी जे केलं ते धंद्यासाठी केलं. कोणी गैरसमज करून घेऊ नये." जाऊबाईंनी त्यांच्या पानात जास्तीचा भात वाढला.

सिमेंटवाल्यांनी शब्द पाळला. त्या हंगामात मंडळाचं एकही काम आलं नाही. टेंपोची काच एकदा फुटली. घरात चिडचिड झाली, भाऊजींनी दोनदा 'सांगत होतो' म्हणून दाखवलं, तिसऱ्यांदा जाऊबाईंनी त्यांना बोलू दिलं नाही. मग केस कापणाऱ्याच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि त्यानं येऊन दोनशे खुर्च्या सांगितल्या. एवढी माणसं त्याच्याकडे येणार नव्हती, हे सगळ्यांना कळत होतं.

आयोगाचा कागद पाच आठवड्यांनी आला. नऊ घरांनी परत जावं, त्यांना पाणी आणि घर मिळेल हे ठाण्यानं बघावं, वस्तीत तीन महिने पोलीस असावा. सात घरं निघाली. दोन नाही म्हणाली. एका घरातल्या माणसाला खाली काम मिळालं होतं, दुसऱ्या घरातल्या मुलानं पत्र्याचा आवाज झाला की अंथरूण ओलं करायला सुरुवात केली होती. भिंगरीनं त्यांचा वेगळा अर्ज लिहायला घेतला.

सामान न्यायला टेंपो धाकटीच्या घरचाच. नवरा चालवत होता, धाकटी शेजारी, मध्ये गवंड्याची आई. मागे भांडी, गाठोडी, माणसं आणि भिंगरी. वस्तीत पोचले तेव्हा दारं बंद होती. एक पोलीस झाडाखाली पेंगत होता. गवंड्याच्या घरावर पत्रे नव्हते; आत गवत उगवलं होतं. त्याच्या बायकोनं चुलीच्या जागी हात फिरवून बघितला.

तेवढ्यात पलीकडच्या घराचं दार उघडलं. एक बाई बाहेर आली, तिच्या हातात दोरी, दोरीला शेळी, आणि शेळीमागे दोन पिल्लं धडपडत. ती तरातरा आली आणि भांडायला आल्यासारखी बोलायला लागली.

"किती दिवस लावायचे? तुझी शेळी माझ्या दारात येऊन ओरडत होती. मी काय करायचं? बांधली. मग व्याली. आता तीन झाली. घे तुझी तू."

गवंड्याच्या बायकोनं दोरी घेतली नाही. धाकटीनं गाठोडं खाली ठेवलं. पलीकडच्या बाईचा आवाज एकदम उतरला.

"त्या सकाळी मी दार लावून आत बसले होते," ती म्हणाली. "सगळं ऐकू येत होतं. आले नाही मी बाहेर."

शेळीनं मान झटकली. गवंड्याची बायको खाली बसली, एक पिल्लू जवळ ओढलं, त्याचे पाय चाचपून बघितले.

"किती दिवसांची?"

"अकरा."

"मग अजून आईजवळच राहू देत," ती म्हणाली. आणि काही वेळानं, मान वर न करता, "मोठी झाली की एक तुझं."